भांडी, कूलर, माठ, लाकूड: वस्तू घेताना आणि वापरताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात इतवारीतल्या आमच्या दुकानात भांडी, पत्र्याचं सामान आणि थोडं हार्डवेअर असं सगळं एकत्र मिळतं. धातुशास्त्राची पदविका घेऊन मी वडिलांच्या गादीवर बसले. त्यामुळे भाव विचारून झाला तरी गिऱ्हाईक थांबतं, "ताई, एक विचारू का?" म्हणतं. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे उतरवली आहेत. "चांगलं कोणतं?" असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते, त्या वस्तूला काय काय सोसायचं आहे? आच, पाणी, मीठ, आंबट, ऊन की आपट? ते कळल्याशिवाय मी फळीवरून काही काढत नाही.

स्वयंपाकासाठी सगळ्यात चांगला धातू कोणता?

काय शिजवणार त्यावर आहे. तांबं स्टीलपेक्षा साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता पसरवतं, अ‍ॅल्युमिनियम पंधरापट. म्हणून नुसत्या स्टीलच्या पातळ पातेल्यात दूध नेमकं बर्नरच्या वर, गोल चकतीसारखं करपतं. उष्णता तिथेच अडकून बसते, बाजूला सरकत नाही. पण तेच स्टील चिंचेला, टोमॅटोला, ताकाला दाद देत नाही. अ‍ॅल्युमिनियम उष्णता छान पसरवतं आणि आंबटापुढे हरतं. ट्रायप्लाय भांड्यात दोन्हीचा मेळ आहे: मध्ये अ‍ॅल्युमिनियम, आतबाहेर स्टील. महाग पडतं. रोजच्या भाजीच्या एका कढईसाठी तेवढे पैसे घालावेत, अख्खा संच घ्यायची गरज नाही.

माझ्या घरी अंबाडीची भाजी आणि कढी स्टीलमध्ये होते, फोडणीची पळी आणि तवा लोखंडाचा आहे, भात जाड बुडाच्या गंजात. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. लोखंडाला लागतो तोही गंजच, पण बोलताना घोटाळा कधी होत नाही.)

३०४ आणि २०२ स्टील म्हणजे काय? चुंबक लावून ओळखता येतं का?

या दोघांमधला फरक चुंबकाने ओळखता येत नाही. गिऱ्हाईक खिशात चुंबक घेऊन येतं, लावतं, चिकटलं नाही की खूश होतं. पण २०२ लाही चुंबक चिकटत नाही. उलट ३०४ चा पत्रा खोल दाबून भांडं केलं, तर काठाशी आणि कोपऱ्यात ते थोडं चिकटू शकतं. म्हणजे चुंबकाच्या भरवशावर खरं भांडं परत ठेवाल आणि हलकं घरी न्याल.

स्टील गंजत नाही ते क्रोमियममुळे. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर करतं, आणि ओरखडा पडला तरी तो थर पुन्हा जमतो. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून २०२ मध्ये ते निम्म्यावर आणून त्याजागी ७.५ ते १० टक्के मँगनीज घालतात. मँगनीज म्हणजे आपल्याच भागातला माल. मनसर, कांद्रीच्या खाणी इथल्याच आणि मँगनीज काढणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचं मुख्यालयही नागपुरातच. त्यामुळे २०२ ला मी वाईट म्हणणार नाही. कोरड्या डब्यांना, ताटांना, रॅकला ते पुरतं. खारट-आंबट गोष्ट दिवसेंदिवस ठेवायची असेल तिथे ते टिकत नाही.

हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याकडून डब्यांचा माल घेतला, बिलावर ३०४ लिहिलेलं. आठ महिन्यांनी एक काकू डबा घेऊन आल्या. त्यात आंब्याचं लोणचं होतं. रिकामा करून उजेडात धरला तेव्हा बुडाशी टाचणीच्या टोकाएवढे चार ठिपके दिसले, आणि त्यातल्या दोनांतून पलीकडचा उजेड येत होता. बाकी डबा लख्ख होता. मिठातलं क्लोराइड असंच करतं. सगळीकडे खात नाही, एकाच जागी खोल शिरतं. तपासणीच्या द्रावणाचा थेंब टाकला, लाल झाला, म्हणजे मँगनीजवालं स्टील. विकलेले डबे शोधून शोधून परत घेतले. तेव्हापासून नवीन माल आला की त्यातला एक डबा आम्ही स्वतः तपासतो.

आणि लोणचं ३०४ मध्येही वर्षभर ठेवू नका. त्याला चिनी मातीची बरणीच हवी.

बिडाचा तवा नवीन आणला. पहिल्याच धुण्यात तांबूस झाला. खराब निघाला का?

नाही, त्याला अजून थर चढलेला नाही एवढंच. बिडाच्या लोखंडात दोन ते चार टक्के कार्बन असतो, म्हणून ते कडक असतं, आणि तवा जाड-जड असल्याने उष्णता धरून ठेवतो. पण अंगाने उघडं असतं. स्टीलसारखं स्वतःचं संरक्षण त्याच्याकडे नसतं, ते आपण द्यायचं.

तवा साबणाने एकदाच नीट घासा, लगेच पुसा आणि मंद आचेवर पूर्ण कोरडा करा. मग जवसाच्या तेलाचे दोन थेंब कापडावर घेऊन सगळीकडे चोळा, आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने ते जणू पुसूनच काढा. लोक इथेच चुकतात. तेल दिसतंय म्हणजे जास्त झालंय. जाड थर चिकट राहतो आणि नंतर पापुद्रे सुटतात. आता मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत तापवा. खिडकी उघडी ठेवा. थंड होऊ द्या. असं चार-पाच वेळा केलं की राखाडी तवा आधी तपकिरी, मग काळा होतो. तेल नुसतं सुकत नाही, त्याचे रेणू एकमेकांना जोडून कडक आवरण बनतं. विदर्भात जवस घराघरात आहे आणि या कामाला त्याचं तेल चांगलं, कारण ते लवकर कडक होतं. नसेल तर शेंगदाण्याचं चालेल, वेळ जास्त लागेल.

पहिला महिनाभर त्यात आंबट काही करू नका. धिरडी, भाकरी, थालीपीठ करा. तांबूस झालाच तर घासा आणि पुन्हा एक हात द्या. बिडाचा तवा सहसा मरतो तो पडून, कारण बीड ठिसूळ असतं. किंवा तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतल्याने.

जवसाच्या तेलाचं कापड चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेताना स्वतः तापतं. बोळा असेल तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि कापड आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा. लाकडाला जवस तेल देणाऱ्यांनाही हेच सांगते, आणि प्रत्येक वेळी सांगते.

आजीची पितळी भांडी आहेत. वापरावीत का?

वापरा, पण कल्हई करून. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट लागलं की दोन्ही अन्नात उतरतात, ताक कळकतं. हा शब्द आपल्या भाषेत इतका जुना आहे यावरूनच कळतं की घरोघरी हा अनुभव घेतला गेला आहे.

कल्हईवाला भांडं निखाऱ्यावर तापवतो, नवसागर टाकतो (पांढरा धूर येतो तो त्याचाच, त्याने पृष्ठभाग स्वच्छ होतो), कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने एका फेऱ्यात आतून चांदी फिरवावी तसं कथील फिरवतो. कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणून कल्हईच्या भांड्यात आधी रिकामं तापवून फोडणी देऊ नका, कल्हईच ओघळेल. वरण, खीर, आमटी, पाण्याचा गडवा, यांना उत्तम. घासायला राख किंवा चिंच बाहेरून, आतून फक्त मऊ कापड. आत तांबूस पिवळं दिसायला लागलं की पुन्हा कल्हई करायची.

कल्हईवाल्याला एक गोष्ट मात्र विचारा: कथील शुद्ध आहे ना, शिसं मिसळलेलं नाही ना? स्वस्तात कल्हई करून घेण्यात शहाणपण नाही.

नवीन पितळ घ्यायचं तर भंडाऱ्याचं काम हातात घेऊन बघा. पितळेसाठी ते गाव उगीच नावाजलेलं नाही.

काशाची वाटी आणि पितळी वाटी एकच का?

नाही. कासं म्हणजे तांबं आणि कथील, कथील साधारण वीस-बावीस टक्के. टिचकी मारली की लांब नाद येतो. पडली तर फुटते, पितळी वाटी नुसती चेमटते. उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून घासायची ती काशाचीच.

माठातलं पाणी मे महिन्यात गार होतं आणि जुलैत का नाही?

माठाच्या भिंतीत बारीक छिद्रं असतात. पाणी झिरपून बाहेर येतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती माठातून उष्णता नेते. शंभर भागांतल्या एका भागाची वाफ झाली तरी बाकीचं पाणी साडेपाच-सहा अंशांनी उतरण्याएवढी उष्णता जाते. नागपूरच्या मे महिन्याची हवा पापडासारखी कोरडी, दुपारी आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते, पाणी झरझर उडतं. जुलैत हवाच पाण्याने भरलेली, तिथे वाफ जाणार कुठे? माठ बिघडलेला नसतो.

घेताना टिचकी मारा, खणखणीत आवाज आला पाहिजे. भद्द आवाज म्हणजे चीर किंवा कच्ची भाजणी. आणल्यावर एक रात्र पाण्यात बुडवून ठेवा. आतून साबण कधीच लावू नका, तो छिद्रांत बसतो, पाण्याला वास येतो. नुसता नारळाचा काथ्या फिरवा. बाहेरून पांढरी भुकटी येते ती पाण्यातल्या क्षारांची, बोअरच्या पाण्याला जास्त येते. ओल्या कापडाने पुसत राहा. एक-दोन हंगामांनी छिद्रं बुजतात आणि माठ "जुना होतो", ते खरंच आहे. त्यात तुळस लावा. बाहेरून ऑइलपेंटने रंगवलेला माठ शोभेला ठेवा, पाण्याला नको. छिद्रंच बंद केली तर तो माठ कसला?

मग लांब पोळीचा मटका विस्तवावर उलटा ठेवूनही कसा फुटत नाही?

हा माझ्या आवडीचा प्रश्न. लांब पोळी करणारी बाई सैल कणीक हातावर झुलवत कोपरापर्यंत ताणते आणि चुलीवर उलट्या ठेवलेल्या मटक्यावर टाकते. खाली जाळ, वर ओली कणीक. काचेचं भांडं असतं तर तत्क्षणी उडालं असतं. मटका टिकतो कारण त्याच्या मातीत रेती मिसळलेली असते आणि भिंत छिद्राळ असते. एखादी बारीक चीर निघालीच तर पुढच्या छिद्राशी किंवा रेतीच्या कणाशी येऊन थांबते, लांब जात नाही. शिवाय गोल आकारामुळे ताण एका कोपऱ्यात साचत नाही. पाण्याचा माठ मात्र या कामाला वापरू नका. दोन्हींची माती आणि भाजणी वेगळी असते. कुंभाराला काय करायचं ते सांगून घ्या.

"ताई, कूलरची टाकी गळून राहिली. दोनच उन्हाळे झाले ना!"

हा प्रश्न मार्चमध्ये रोज येतो, म्हणून सविस्तर सांगते.

कूलरची बॉडी जीआय पत्र्याची असते, म्हणजे लोखंडाच्या पत्र्यावर जस्ताचा थर. जस्त नुसतं झाकत नाही, ते लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं. म्हणून कापलेल्या कडेलाही थोडं संरक्षण मिळतं. पण जस्त संपलं की लोखंडाची पाळी.

टाकी कुठून जाते ते नीट बघा. बहुतेक वेळा पाणी जिथवर उभं राहतं त्या रेषेवर, आणि तळाच्या कोपऱ्यात. रेषेवर पत्रा दिवसातून अनेकदा ओला-कोरडा होतो, हवा आणि पाणी दोन्ही भरपूर मिळतात. तळाशी क्षार साचतात. कूलर दिवसभर पाणी उडवतो, क्षार मागेच राहतात. वरून बादलीने नवं पाणी घालतो, त्यासोबत नवे क्षार. आठवड्याभरात टाकीतलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट झालेलं असतं, आणि बोअरचं असेल तर विचारूच नका.

म्हणून आठवड्यातून एकदा तळाचं बूच काढून सगळं पाणी सोडून द्या. एवढं केलं तरी टाकीचं आयुष्य वाढतं, आणि डासांच्या अळ्याही जातात. क्षार काढायला अ‍ॅसिड ओतू नका. अ‍ॅसिड क्षारांसोबत जस्तही खातं, टाकी चमकते आणि पुढच्या वर्षी गळते. लाकडी पट्टीने खरवडा. हंगाम संपला की टाकी धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून ठेवा. ओलं गवत आत तसंच ठेवून कूलर गच्चीवर झाकून टाकणं म्हणजे जूनपासून मार्चपर्यंत गंजायला मोकळीक देणं.

रंग देणार असाल तर नव्या जीआयवर साधा ऑइलपेंट धरत नाही, जस्ताशी त्याचं जमत नाही आणि सालपटं निघतात. आधी जीआयसाठीचा प्राइमर, मग रंग. टाकीच्या आत डांबरी काळा रंग दोन हात, मध्ये पूर्ण वाळू देऊन. आणि पत्रा घेताना लक्षात ठेवा, गेजचा आकडा मोठा म्हणजे पत्रा पातळ. चोवीस नंबरपेक्षा बावीस जाड. अनेकांना उलटं वाटतं, आणि सगळेच दुकानदार चूक सुधारत नाहीत.

प्लास्टिक बॉडी घ्यावी का? खिडकीत ऊन येत नसेल तर जरूर. गंजत नाही आणि, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, बॉडीतून विजेचा धक्का बसण्याचा धोका कमी. पत्रा आणि पाणी दोन्ही वीज वाहून नेतात. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान मुलंही असतात. पत्र्याचा कूलर असेल तर तीन पिनांचाच प्लग आणि खरं अर्थिंग हवं. आणि पाणी भरताना, बॉडीला हात लावताना बटण बंद करून प्लग काढायचा. कूलर विकताना हे सांगितल्याशिवाय आम्ही बिल करत नाही.

कूलरला गवताच्या ताट्या, वाळा की हनीकोंब?

गवत स्वस्त, दरवर्षी बदलायचं. वाळ्याचा सुगंध येतो, पण हवा थोडी अडते. हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या घरांची कागदी जाळी, नीट धुतलं तर काही हंगाम चालतं. मात्र क्षारांनी कडक झालं की कितीही घासा, पाणी शोषत नाही.

पावशीला (विळीला) धार लावून आणली, आठ दिवसांत बोथट. धारवाल्याने फसवलं का?

पातं उजेडात धरा. धारेलगत निळसर-जांभळी झाक दिसते का? दिसली तर उत्तर तिथेच आहे.

पावशीचं पातं कार्बनवाल्या पोलादाचं. लोहार ते लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतो, त्याला "पाणी देणं" म्हणतात. त्याने पोलाद काचेसारखं कडक होतं, इतकं की आपटलं तर तुटेल. म्हणून तो ते पुन्हा हलकं तापवतो आणि घासलेल्या पृष्ठभागावर रंग कसा चढतो ते बघतो. आधी फिकट पिवळा, मग गवती, तपकिरी, जांभळा, निळा. पिवळ्या-गवती रंगावर, म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आसपास थांबलं तर धार टिकते. निळ्यापर्यंत, तीनशेच्या जवळ गेलं तर पातं लवचिक होतं, स्प्रिंगला ठीक, धारेला नाही. अनुभवी लोहार हे सगळं नजरेने करतो, आणि सावलीत करतो, कारण उन्हात रंग फसवतात.

आता कोरड्या, वेगात फिरणाऱ्या ग्राइंडरवर पातं दाबून धरलं की कड काही क्षणांत तीनशेपार जाते. ठिणग्या सुंदर उडतात, धार बोट कापेल अशी लागते, पण त्या कडेचं पाणी उतरलेलं असतं. उपाय एकच: निळा भाग पूर्ण झिजवून आतलं चांगलं पोलाद बाहेर काढायचं, आणि या वेळी पातं सतत पाण्यात बुडवत. घरी ओल्या दगडावर पाच मिनिटं हळू घासलेली धार सगळ्यात चांगली.

तान्हा पोळ्याला मुलासाठी लाकडी बैल घेतला होता. मे महिन्यात पायाला चीर गेली. कशामुळे?

लाकूड पूर्ण वाळलेलं नव्हतं. पोळा श्रावणाच्या शेवटी येतो, हवा दमट असते, तेव्हा घडवलेला बैल पाणी धरून असतो. मे महिन्याची कोरडी हवा ते ओढून काढते. लाकूड लांबीत जवळजवळ आखडत नाही, रुंदीत आखडतं. शिवाय कापलेल्या टोकातून, म्हणजे खुराच्या तळातून, पाणी बाकी अंगापेक्षा कितीतरी वेगाने निघतं. टोक आधी आखडतं, वरचा भाग तयार नसतो, आणि चीर पडते.

नवीन बैल घेतला की खुरं, शिंगांची टोकं आणि चाकांच्या चकत्या यांना मेण किंवा जवस तेल चोळा, दोन-तीनदा. कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. पडलेल्या चिरेत लगेच लांबी (पुटी) भरू नका. पावसाळ्यात ती चीर मिटायला बघते आणि लांबी पाचरीसारखं काम करते.

घराच्या दाराचंही हेच. ऑगस्टमध्ये दार अडतं म्हणून सुताराकडून रंधून घेतलं, तर मेमध्ये बोटभर फट दिसते. लकडगंजातून, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारातून, सागवान घेताना आतला गडद भागच घ्या. कडेचा पांढुरका भाग वाळवीचं आवडतं खाणं आहे. सागवान वाळवीला टिकतं ही ख्याती त्या गडद भागाची.

कपड्यांचे प्लास्टिकचे चिमटे एका उन्हाळ्यात हातात भुगा होतात. पाण्याची टाकी मात्र वर्षानुवर्षं गच्चीवर कशी टिकते?

ऊन प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतं. चिमटे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे, ते उन्हाला फार हळवं. काळ्या टाकीच्या प्लास्टिकमध्ये काजळी मिसळलेली असते, ती अतिनील किरणं वरच्या थरातच अडवते. चिमटे लाकडी घ्या, किंवा कपडे काढताना चिमटेही काढून आत ठेवा. दोरीवर ठेवायची सवयच त्यांना मारते. गच्चीतल्या खुर्चीवर पांढुरकी भुकटी हाताला लागायला लागली की त्यावर चढून बल्ब बदलू नका.

चहा ओतताना काचेचा ग्लास तडकला. जाड घेतला असता तर?

जाड लवकर तडकतो. आतली काच तापून फुगते, बाहेरची अजून गार असते, आणि भिंत जाड तेवढी ही ओढाताण जास्त. गरम चहाला पातळ ग्लास बरा, त्याहून बोरोसिलिकेट बरं. ती काच साध्या काचेच्या जवळपास एक-तृतीयांशच प्रसरण पावते.

अ‍ॅल्युमिनियमचा गंज आतून काळा पडला. विषारी आहे का?

पाण्यातल्या क्षारांमुळे वरच्या ऑक्साइडच्या थराचा रंग बदलतो, घाबरण्यासारखं नाही. सोड्याने घासू नका, सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो. आंबट शिजवायचंच असेल तर हार्ड अ‍ॅनोडाइज्ड घ्या, त्यात विजेच्या साहाय्याने तो थर मुद्दाम जाड केलेला असतो.

बिघडलेली वस्तू दुकानात दाखवायला आणली तर चालेल का?

आणा, पण घासून आणू नका. डाग कुठे आहे, रेषेत आहे की ठिपक्यांत, आत आहे की बाहेर, यावरूनच मला कळतं. त्यात काय ठेवलं होतं, किती दिवस, आणि पाणी नळाचं की बोअरचं, एवढं आठवून या. सकाळी बाराच्या आत आलात तर बरं, तेव्हा दुकानासमोर चांगला उजेड असतो.